विश्लेषण : रिअॅलिटी शो अभिनेता घडवतो की फक्त चेहरा ओळखीचा करतो?

शेजारच्या अमरावतीचे शिव ठाकरे 2019 मध्ये ‘बिग बॉस मराठी’चे विजेते झाले. 2024 मध्ये बारामती तालुक्यातील मोढवे गावच्या सूरज चव्हाण यांनी तीच ट्रॉफी उचलली. दोघांच्याही घरी सिनेमाची पार्श्वभूमी नव्हती. साहजिकच बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, चिखली किंवा मेहकरच्या तरुणाला आता वाटते, की नट व्हायचे तर आधी एखाद्या शोमध्ये शिरले पाहिजे. ही वाट खोटी नाही. पण ती जिथे जाते असे वाटते, तिथे ती बहुतेकदा जात नाही. रिअॅलिटी शो माणसाला ओळख देतो, भूमिका देत नाही. हा फरक कळला नाही तर उमेदीची दोन-चार वर्षे आणि घरातली जमापुंजी दोन्ही पणाला लागतात.

ही वाट इतकी जवळची का वाटते?

बुलढाणा जिल्ह्यात 13 तालुके आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहेत. रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी मुंबई. समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून जातो आणि जून 2025 पासून तो नागपूर ते मुंबई असा पूर्ण 701 किलोमीटर खुला झाला आहे. म्हणजे मुंबईला पोहोचणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. अवघड आहे ते मुंबईत टिकणे. खोलीचे भाडे, खानावळ, लोकलचा पास आणि हातात काम नसलेले महिने, हे सगळे कापूस-सोयाबीनच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराला पेलत नाही.

नाटकातून किंवा अभिनयाच्या शिक्षणातून पुढे जायचे तर वर्षे लागतात. मालिकेत छोट्या भूमिकेसाठीही आधी कुणीतरी ओळखणारे लागते. रिअॅलिटी शो मात्र मोबाइलवर व्हिडीओ मागवतो, वय आणि गाव विचारतो, शिफारस विचारत नाही. निवड झाली तर राहण्या-जेवण्याची सोय शोच करतो आणि काही आठवड्यांत चेहरा घराघरांत पोहोचतो. ज्याच्याकडे पैसा आणि ओळख दोन्ही नाही, त्याला हा सौदा फायद्याचा वाटला तर त्यात नवल नाही. ‘झटपट प्रसिद्धीचा नाद’ म्हणून या मुलांना हिणवणारे बहुतेक लोक ही अडचण लक्षात घेत नाहीत.

शो नेमके काय शोधत असतो?

सगळे शो एका मापाने मोजता येत नाहीत. ढोबळमानाने त्यांचे तीन प्रकार पडतात. पहिला कौशल्याचा. गाणे, नृत्य, विनोद किंवा अभिनय यांची स्पर्धा. 2018 मध्ये सोनी मराठीवर सुरू झालेला ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ हा कार्यक्रम सुरुवातीला विनोदी कलाकारांची स्पर्धाच होता. अशा मंचावर कलाकाराला दर आठवड्याला नवे पात्र उभे करावे लागते. त्यातील कलाकारांपैकी अनेक जण आधी एकांकिका स्पर्धांमध्ये घासून-पुसून तयार झालेले होते. वनिता खरात यांना 2019 च्या ‘कबीर सिंग’ चित्रपटातील छोट्याशा भूमिकेनेही देशभर ओळख दिली.

दुसरा प्रकार प्रश्नमंजूषेचा. ‘कौन बनेगा करोडपती’ किंवा ‘कोण होणार करोडपती’ यांत उत्तर बरोबर की चूक, एवढाच निवाडा असतो. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवण्याचे काम करत होत्या. 2019 मध्ये त्यांनी एक कोटी रुपये जिंकले ते वाचनाच्या आणि माहितीच्या बळावर.

तिसरा प्रकार व्यक्तिमत्त्वाचा. ‘बिग बॉस’, ‘रोडीज’ आणि गावात किंवा शहरात नेऊन ठेवणारे कार्यक्रम यात येतात. अभिनयाची स्वप्ने पाहणारे सर्वाधिक तरुण याच प्रकाराकडे वळतात आणि घोटाळा होतो तो इथेच. येथे निवड करणारे लोक ‘हा भूमिका कशी करतो’ हे पाहत नाहीत. हा चिडतो कसा, रडतो कसा, भांडतो कसा, याच्या आयुष्याची गोष्ट किती जणांना धरून ठेवेल, हे ते पाहतात. चोवीस तासांच्या चित्रीकरणातून तासाभराचा भाग तयार होतो. त्यात कोणाचा कोणता चेहरा दिसावा, हे संकलनाच्या टेबलावर ठरते. अभिनेत्याला दुसऱ्या माणसाच्या कातडीत शिरायचे असते. इथे त्याला सतत स्वतःच राहायचे असते, तेही जरा ठळक करून.

शिव ठाकरे यांचा प्रवास काय सांगतो?

शिव ठाकरे यांनी घरच्यांसोबत वर्तमानपत्रे आणि दूध विकल्याचे, पुढे नृत्याचे वर्ग घेतल्याचे मुलाखतींत सांगितले आहे. 2017 मध्ये ते ‘रोडीज’मध्ये दिसले. 2019 मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या दुसऱ्या पर्वाचे विजेते झाले. त्यानंतर हिंदी ‘बिग बॉस’च्या 16 व्या पर्वात फेब्रुवारी 2023 च्या अंतिम फेरीत ते उपविजेते ठरले. मग ‘खतरों के खिलाडी’चे 13 वे पर्व, मग ‘झलक दिखला जा’चे 11 वे पर्व.

अमरावतीच्या साध्या घरातून निघून राष्ट्रीय वाहिन्यांवर सलग काम मिळवणे ही लहान गोष्ट नाही. त्यांची जिद्द, शिस्त आणि लोकांशी जोडून घेण्याची हातोटी वादातीत आहे. पण ही यादी अभिनयाच्या चष्म्यातून पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. एका शोने दुसरा शो दिला, दुसऱ्याने तिसरा दिला. शोचा दरवाजा उघडतो तो मुख्यतः दुसऱ्या शोच्या दालनात. ज्याला ‘रिअॅलिटी शोमधील व्यक्तिमत्त्व’ हाच व्यवसाय करायचा आहे, त्याच्यासाठी हे उत्तम यश आहे. ज्याला नट व्हायचे आहे, त्याने हे यश आपल्या यशाचे माप मानू नये.

लोकप्रियता तिकीटबारीवर का उतरत नाही?

सूरज चव्हाण यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. लहानपणी आई-वडिलांचे छत्र हरपलेले, टिकटॉकवर नाव कमावलेले आणि जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आल्यावर ते माध्यमच हातून गेलेले. ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वात रितेश देशमुख सूत्रसंचालक होते. 6 ऑक्टोबर 2024 रोजी सूरज विजेते ठरले आणि त्यांना 14 लाख 60 हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. उपविजेते होते अभिजीत सावंत, म्हणजे 2005 मध्ये ‘इंडियन आयडॉल’चे पहिले विजेते ठरलेले गायक. देशाने डोक्यावर घेतलेल्या गायकालाही जवळपास दोन दशकांनंतर पुन्हा स्पर्धक व्हावेसे वाटले, यातच प्रसिद्धीचे आयुष्य किती असते ते कळते.

विजयाच्या मंचावरच दिग्दर्शक केदार शिंदे यांनी सूरज यांना नायक म्हणून घेऊन चित्रपट करण्याची घोषणा केली. ‘झापुक झुपूक’ 25 एप्रिल 2025 रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नावाजलेले होते. 2023 मध्ये ‘बाईपण भारी देवा’सारखा तुफान चाललेला चित्रपट त्यांनी दिला होता. निर्मिती मोठी होती, प्रसिद्धीही भरपूर झाली. तरीही तिकीटबारीवर अपेक्षित यश मिळाले नाही.

याचा दोष एकट्या सूरज यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चित्रपट चालणे न चालणे अनेक गोष्टींवर ठरते. पण एक धडा स्पष्ट आहे. घरबसल्या मोबाइलवरून मत देणे फुकट असते. चित्रपटाला जायचे तर तिकीट, प्रवास आणि तीन तास खर्च करावे लागतात. मत देणारा माणूस एका मुलाच्या संघर्षाला साथ देत असतो. तिकीट काढणारा माणूस गोष्ट आणि अभिनय विकत घेत असतो. ही दोन माणसे वेगळी असू शकतात, किंवा एकच माणूस दोन वेळा वेगळा विचार करू शकतो. सूरज यांना शोमुळे जे मिळाले ते मोलाचेच आहे. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्यांना घर बांधून देण्याचे जाहीर केले, गावाला अभिमान वाटला, गरिबीतून वर येण्याची शिडी मिळाली. फक्त त्या शिडीला अभिनयाची शाळा समजू नये.

मग आयुष्मान खुराना आणि अमृता खानविलकर यांचे काय?

रिअॅलिटी शोच्या बाजूने नेहमी दिले जाणारे नाव म्हणजे आयुष्मान खुराना. ‘रोडीज’च्या दुसऱ्या पर्वाचे ते विजेते, हे खरे. मात्र त्याआधी आणि त्या काळात ते चंडीगडमध्ये नाटक करत होते, महाविद्यालयीन नाट्यगट उभे करत होते. जिंकल्यावर लगेच चित्रपट मिळाला नाही. रेडिओवर काम, मग दूरचित्रवाणीवर सूत्रसंचालन, आणि ‘विकी डोनर’ आला तो एप्रिल 2012 मध्ये. शो आणि पहिला चित्रपट यांत सात-आठ वर्षे गेली. ती वर्षे बोलण्याचा, आवाजाचा आणि प्रेक्षक सांभाळण्याचा सराव करण्यात गेली.

मराठीत अमृता खानविलकर यांचे नाव घेता येईल. 2004 मध्ये झी वाहिनीच्या ‘इंडियाज बेस्ट सिनेस्टार्स की खोज’ या स्पर्धेत त्या होत्या. ही स्पर्धा अभिनयाचीच होती. 2006 मध्ये ‘गोलमाल’ हा मराठी चित्रपट आला आणि घराघरांत ओळख दिली ती 2010 च्या ‘नटरंग’मधील लावणीने. म्हणजे इथेही सहा वर्षे लागली आणि कामी आले ते नृत्याचे कसब.

दोन्ही उदाहरणांत शो ही सुरुवातीची एक पायरी होती. पुढच्या पायऱ्या ज्यांनी स्वतः बांधल्या ते वर गेले. यशस्वी नावे सांगताना ही मधली वर्षे गाळली जातात आणि ऐकणाऱ्याचा हिशेब तिथेच चुकतो.

बक्षीस मिळाले तरी हातात किती पडते?

बक्षिसाच्या रकमेवर कर असतो, हे अनेकांना जिंकल्यावरच कळते. दूरचित्रवाणीवरील ज्या कार्यक्रमात लोक बक्षिसासाठी स्पर्धा करतात, त्यातील रकमेवर प्राप्तिकर कायद्यानुसार सरसकट 30 टक्के कर लागतो, त्यावर 4 टक्के उपकर. किमान उत्पन्नावरची सूट इथे मिळत नाही. 14 लाख 60 हजारांच्या बक्षिसावर या हिशेबाने सुमारे साडेचार लाख रुपये कर होतो. हातात साधारण दहा लाख उरतात. एवढ्या रकमेत मुंबईत घर होत नाही. दोन-तीन वर्षे राहून शिकता मात्र येते. पैसा कशावर लावायचा, हे म्हणूनच आधी ठरवलेले बरे.

‘केबीसी’त पाच कोटी जिंकणाऱ्या बिहारमधील मोतिहारीच्या सुशील कुमार यांची कहाणी या बाबतीत डोळे उघडणारी आहे. 2011 मध्ये ते जिंकले तेव्हा मनरेगात संगणक चालक म्हणून काम करत होते. 2020 मध्ये त्यांनी फेसबुकवर स्वतःच मोकळेपणाने लिहिले, की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातील सर्वांत वाईट ठरला. दानाच्या नावाखाली फसवणूक झाली, व्यवसाय बुडाले, व्यसन लागले. चित्रपट दिग्दर्शक होण्यासाठी ते मुंबईत गेले आणि काही काळाने परतले. पुढे ते शिक्षक झाले. सिनेमाच्या जगात प्रवेश मिळवायला पाच कोटी आणि देशभराची ओळखही पुरली नाही, हे त्यांच्या अनुभवातून दिसते.

करारावर सही करताना काय पाहावे?

शोमध्ये निवड झाली की हातात जाडजूड करार येतो. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि वेळ थोडा असतो. आनंदाच्या भरात सही होते. अशा करारांत साधारणपणे चार गोष्टी महत्त्वाच्या असतात. एक, चित्रीकरणाचे संकलन कसे करायचे याचा पूर्ण अधिकार निर्मात्याकडे असतो, त्यामुळे ‘मला वाईट दाखवले’ ही तक्रार नंतर टिकणे अवघड जाते. दोन, ठरावीक काळ दुसऱ्या वाहिनीवर किंवा जाहिरातीत काम करण्यावर बंधन असू शकते. अभिनेत्यासाठी हे कलम सर्वांत महागडे, कारण चेहरा ताजा असतानाच हात बांधले जातात. तीन, मध्येच बाहेर पडल्यास दंडाची तरतूद असू शकते. चार, मानधन आठवड्याला किती, कधी आणि कोणत्या वजावटीनंतर मिळणार, हे लेखी हवे. तालुक्याच्या न्यायालयातील एखाद्या ओळखीच्या वकिलाकडून हा करार मराठीत समजून घेण्यात एक दिवस गेला तरी चालेल.

ऑडिशनच्या नावाने होणारी फसवणूक हा आणखी एक धोका. हॉटेलच्या हॉलमध्ये ‘निवड चाचणी’ घेऊन नोंदणी शुल्क, पोर्टफोलिओ किंवा ‘कार्ड’ यांसाठी हजारो रुपये मागणारे लोक लहान शहरांत फिरतात. नामांकित वाहिन्या ऑडिशनसाठी पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की तिथून उठावे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

बुलढाण्याच्या तरुणापुढे दुसरी वाट आहे का?

आहे, पण ती खडतर आहे आणि तिची जाहिरात कोणी करत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका, प्रहसन, मूकनाट्य आणि नकला हे सगळे असते. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा सहा दशकांहून अधिक काळ सुरू आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचा अभ्यासक्रम आहे आणि दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निवड झालेल्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. गरीब घरातल्या मुलासाठी ही शेवटची माहिती एखाद्या शोच्या जाहिरातीइतकीच मोलाची आहे.

शिवाय वऱ्हाडी बोली ही उणीव नाही, भांडवल आहे. भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’मधून हीच बोली महाराष्ट्रभर पोहोचवली, तीही रंगभूमीचा अनुभव गाठीशी बांधून. बुलढाण्याचे लेखक रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ या कादंबरीवर चित्रपट निघाला. इथली माणसे, इथली भाषा पडद्यावर यायला मुंबईच्या कोणत्या घरात शंभर दिवस कोंडून घेण्याची गरज पडली नाही.

कमतरता आहे ती मधल्या व्यवस्थेची. महाविद्यालय संपले की नाटक करणाऱ्या मुलाला वर्षभर तालमीसाठी परवडणारी जागा, शिकवणारा माणूस आणि पाहणारा प्रेक्षक तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांसाठी वर्गणी जमते, पण तिच्यातला लहानसा वाटा एका स्थानिक एकांकिकेला देण्याचा विचार क्वचित होतो. नगरपालिकांची सभागृहे संध्याकाळी नाममात्र भाड्यात नाट्यगटांना दिली, महाविद्यालयांनी युवा महोत्सवापुरती होणारी तालीम वर्षभर चालवली, तर चित्र बदलू शकते. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. हे होत नाही तोवर मुलांनी शोच्या रांगेत उभे राहू नये, असे सांगण्याचा नैतिक अधिकार गावालाही नाही.

मग शोमध्ये जावे की नाही?

जावे, पण काय घ्यायला जातो हे माहीत असावे. कौशल्याच्या स्पर्धेत संधी मिळाली तर ती सहसा सोडू नये, कारण तिथे काम करता करता शिकता येते. व्यक्तिमत्त्वाच्या शोमध्ये जायचे असेल तर तीन गोष्टी आधी हाताशी हव्यात. अभिनयाचा निदान दोन-तीन वर्षांचा सराव, शो संपल्यावर लगेच दाखवता येईल असे कामाचे चित्रीकरण, आणि प्रसिद्धी ओसरल्यावर पोट भरेल असे दुसरे साधन. शोमधून बाहेर पडल्यावरचे पहिले काही महिनेच निर्माते फोन उचलतात. त्या काळात ‘हा काम करू शकतो’ हे दाखवायला काही नसेल, तर उरतात उद्घाटने, रील्स आणि पुढच्या शोची वाट.

घरच्यांनीही एक प्रश्न विचारावा. ‘टीव्हीवर कधी दिसणार?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याऐवजी ‘या वर्षी किती भूमिका केल्यास?’ असे विचारले, तर मुलाचे लक्ष योग्य जागी राहील. त्या प्रश्नाचे उत्तर गॅदरिंगच्या मंचावरूनही देता येते, आणि ज्याच्याकडे ते उत्तर आहे त्याला शो मिळाला तरी फायदा होतो, नाही मिळाला तरी त्याचे वर्ष वाया जात नाही.